सायकलीत लपवलेला ट्रॅकर नेमकं काय करतो?

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये आता पन्नास हजारांची, लाखाची सायकल उभी दिसते. आणि एखाद्या सकाळी ती जागेवर नसते. वॉचमनने काही पाहिलेलं नसतं, सीसीटीव्हीत टोपी घातलेला एक माणूस दिसतो आणि फाटकाच्या पुढे काहीच दिसत नाही. हे दुःख महागड्या सायकलींपुरतं नाही. ज्याची रोजची कामावरची ये-जा सायकलीवर आहे, त्याची सहा हजारांची सायकल गेली तर नुकसान त्याहून मोठं असतं, कारण दुसऱ्या दिवसापासून त्याच्या खिशातून रिक्षाचे पैसे जायला लागतात.

म्हणून ‘सायकलीत ट्रॅकर लपवून ठेव’ असा सल्ला आता सगळेच देतात. सल्ला चांगला आहे. पण ट्रॅकर चोरी थांबवत नाही. चोरीनंतरचे काही तास तो तुमच्या हातात देतो. त्या तासांत तो काय सांगू शकतो आणि काय नाही, हे आधी माहीत असेल तरच त्याचा उपयोग. ते कळण्यासाठी हे यंत्र आतून कसं चालतं ते पाहावं लागतं.

सर्वांत मोठा गैरसमज असा की ट्रॅकर म्हणून मिळणाऱ्या छोट्या चकतीत, म्हणजे टॅगमध्ये, जीपीएस असतं. ॲपलच्या एअरटॅगमध्ये, सॅमसंगच्या स्मार्टटॅगमध्ये किंवा जिओटॅगमध्ये जीपीएस नसतं. आपण कुठे आहोत हे त्या चकतीला स्वतःला ठाऊकच नसतं.

जीपीएसचं काम वेगळ्या रीतीने चालतं. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरणारे उपग्रह सतत एकच गोष्ट सांगत असतात: मी अमुक उपग्रह, माझी जागा ही, आणि आत्ता माझ्या घड्याळात इतके वाजलेत. खालचा रिसीव्हर, म्हणजे संदेश पकडणारं यंत्र, हे नुसतं ऐकतो. संदेश पोचायला किती वेळ लागला यावरून अंतर निघतं, आणि चार उपग्रहांपासूनची अंतरं मिळाली की जागा ठरते. तीनऐवजी चार लागतात, कारण आपल्या रिसीव्हरचं घड्याळ उपग्रहावरच्या अणुघड्याळाइतकं अचूक नसतं आणि ती चूकही त्याच हिशेबात सोडवावी लागते. घड्याळ एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं, तर अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो.

पण जीपीएस फक्त ऐकतं. ‘मी इथे आहे’ हे तुम्हाला कळवायला त्याच्याजवळ काही नसतं. त्यासाठी ट्रॅकरमध्ये सिमकार्ड आणि मोबाइल नेटवर्क लागतं, आणि या दोन्ही गोष्टी बॅटरी खातात. असा ट्रॅकर काही दिवसांनी, फार तर काही आठवड्यांनी चार्ज करावा लागतो आणि सिमचं रिचार्जही भरत राहावं लागतं. इलेक्ट्रिक सायकलीत ही अडचण नसते, कारण मोठी बॅटरी जवळच असते. साध्या सायकलीत मात्र लोक दोन महिने मन लावून चार्जिंग करतात आणि मग विसरतात. ज्या रात्री चोरी होते त्या रात्री ट्रॅकर झोपलेला असतो. शिवाय तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा पत्र्याच्या शेडमध्ये उपग्रहाचा आवाज पोचत नाही. तिथे ट्रॅकर मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतो आणि तो अंदाज शेकडो मीटरने, कधी त्याहूनही जास्त चुकतो.

चकतीवाले टॅग ही अडचण दुसऱ्याच युक्तीने सोडवतात. टॅग ब्लूटूथवर दर थोड्या वेळाने एक बारीकशी हाक देत राहतो. ती हाक काही मीटरांपर्यंतच पोचते. त्या टप्प्यातून कोणाचा तरी फोन गेला की तो फोन हाक ऐकतो, आपली स्वतःची जागा टिपतो आणि कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतो. तुमच्या नकाशावर जो ठिपका उमटतो, ती त्या अनोळखी फोनची जागा असते. सायकल त्याच्या आसपास कुठेतरी असते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे पोलीस चौकीत त्याचा उपयोग आहे.

फोनवाल्याला यातलं काहीही कळत नाही. मग माझ्या सायकलीची जागा त्या अनोळखी माणसाला किंवा कंपनीला कळत असेल का? नाही, आणि ही या रचनेतली सर्वांत सुंदर गोष्ट आहे. ॲपलच्या टॅगच्या हाकेत एक सार्वजनिक किल्ली असते. जवळचा फोन आपली जागा त्या किल्लीने कुलूपबंद करून पाठवतो. हे टपालपेटीसारखं आहे: फटीतून चिठ्ठी कोणीही टाकू शकतं, पण पेटी उघडायची किल्ली एकाच माणसाकडे, म्हणजे तुमच्याकडे. सर्व्हरवर पडलेली चिठ्ठी कंपनीलाही वाचता येत नाही. ही सार्वजनिक किल्लीसुद्धा वेळोवेळी बदलते, त्यामुळे ‘कालचाच टॅग आजही इथून गेला’ असं रस्त्यावर नजर ठेवणाऱ्याला सांगता येत नाही. जर्मनीतल्या डार्मश्टाट तांत्रिक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ॲपलची ही पद्धत उलगडून तपासली आणि तिचं आतलं काम कसं चालतं ते प्रसिद्ध केलं. काही त्रुटीही दाखवल्या, पण मूळ आराखडा भक्कम असल्याचं त्यातून दिसलं.

एवढं कमी काम असल्यामुळे टॅग फार थोड्या विजेवर चालतो. एअरटॅगमध्ये सीआर २०३२ ही घड्याळाच्या दुकानात मिळणारी नाण्यासारखी बॅटरी असते आणि ती साधारण वर्षभर पुरते. फक्त बॅटरी घेताना पाकीट वाचा. लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही बॅटऱ्यांवर कडू लेप असतो आणि त्या लेपामुळे काही टॅगमध्ये बॅटरी नीट जोडली जात नाही.

आता आपल्याकडचा प्रश्न. टॅगची ताकद आसपासच्या फोनांच्या संख्येवर असते. एअरटॅगची हाक फक्त आयफोन आणि ॲपलची इतर उपकरणं ऐकतात. एप्रिल २०२१ मध्ये एअरटॅग बाजारात आला तेव्हा अमेरिकेत जवळपास प्रत्येक रस्त्यावर आयफोन होते. भारतात बहुसंख्य खिशांत अँड्रॉइड आहे. कोथरूडमध्ये किंवा अंधेरीत एअरटॅगला ऐकणारे भरपूर सापडतील, पण चोरलेली सायकल तालुक्याच्या गावी गेली तर दिवसभरात एखादाच आयफोन जवळून जाईल. सॅमसंगचा टॅग त्याच कंपनीच्या गॅलेक्सी उपकरणांवर अवलंबून असतो.

गूगलने २०२४ मध्ये अँड्रॉइड फोनांचं असंच जाळं सुरू केलं. आता त्याचं नाव फाइंड हब आहे. या जाळ्यावर चालणारे टॅग भारतात मिळतात. जिओटॅग गो हा त्यातला एक. कागदावर पाहिलं तर आपल्या देशात हे जाळं सर्वांत दाट असायला हवं. पण गूगलने त्यात एक सावधगिरी ठेवली आहे. फोनची मूळ सेटिंग ‘फक्त गर्दीच्या ठिकाणी’ अशी असते. म्हणजे एकाच फोनने टॅग ऐकला तर ती जागा सहसा कळवली जात नाही. अनेक फोनांनी ऐकला तरच कळवली जाते. बाजारपेठेत, स्टेशनवर टॅग पटकन सापडतो. आडबाजूच्या गोडाऊनमध्ये, जिथे दिवसाला दोनच माणसं येतात, तिथे तो गप्प राहू शकतो. तुमच्या सायकल ग्रुपमध्ये अँड्रॉइडवाले असतील तर त्यांना ही सेटिंग बदलून ‘सर्व ठिकाणी’ करायला सांगा. आपला फोन दुसऱ्याची सायकल शोधायला मदत करतो, आणि आपली जागा उघड होत नाही.

ज्याच्याकडे आयफोन आहे आणि जो शहरातच फिरतो त्याने ॲपलच्या जाळ्यावरचा टॅग घ्यावा. अँड्रॉइडवाल्याने गूगलच्या जाळ्यावरचा. सायकल लाखाच्या घरातली किंवा इलेक्ट्रिक असेल तर सिमवाला जीपीएस ट्रॅकर आणि एक टॅग असे दोन्ही लावावेत. सिमवाला घेताना तो ४जी आहे ना हे विचारा, कारण स्वस्तातले बरेच ट्रॅकर २जीवरचे असतात आणि जिओकडे २जी नाहीच.

आता ज्या गोष्टीवर सायकलवाले सर्वांत जास्त चिडतात, ती. टॅग लपवून सायकल सोडली, चोर ती घेऊन निघाला, आणि काही वेळाने त्याच्याच फोनवर सूचना येते: ‘एक अनोळखी टॅग तुमच्यासोबत फिरतो आहे.’ नकाशावर तो कुठून कुठे सोबत आला तेही दिसतं. बटण दाबून टॅगला आवाज करायला लावता येतं. मालकापासून दूर गेलेला एअरटॅग स्वतःहूनही, साधारण ८ ते २४ तासांच्या दरम्यान कधीतरी, हलवल्यावर वाजतो. चोराला एवढं पुरेसं आहे. तो टॅग काढून नाल्यात फेकतो.

‘मग हा टॅग कोणाच्या बाजूचा?’ असं विचारणाऱ्यांचा राग मला समजतो. पण ही सूचना ज्यासाठी आहे ती गोष्ट सायकलीपेक्षा मोठी आहे. हाच टॅग एखाद्या बाईच्या पर्समध्ये किंवा स्कूटरच्या सीटखाली टाकून तिचा पाठलाग करता येतो, आणि असे प्रकार अनेक देशांत घडले. सुरुवातीला ही सूचना फक्त आयफोनवर येत होती, म्हणजे अँड्रॉइडवाली बाई पूर्ण उघड्यावर होती. मे २०२४ मध्ये ॲपल आणि गूगलने एकत्र येऊन दोन्हीकडच्या फोनांना चालणारी पद्धत आणली. टॅगला चोर आणि पाठलागाला बळी पडलेली बाई यांत फरक करता येत नाही. त्याला एवढंच दिसतं, की मी मालकापासून लांब आहे आणि एका दुसऱ्याच माणसाबरोबर फिरतो आहे. या दोघांपैकी एकालाच वाचवता येत असेल, तर बाईला वाचवायला हवं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. म्हणून टॅगचा आवाज बंद पाडायच्या ज्या क्लृप्त्या इंटरनेटवर फिरतात, त्या मी इथे सांगणार नाही, आणि तसे ‘मुके’ टॅग विकत घेऊ नका असंच सांगेन.

टाइल या कंपनीने २०२३ मध्ये वेगळी वाट काढली. मालकाने ओळखपत्र देऊन आपली ओळख पटवली आणि गैरवापर केल्यास १० लाख डॉलरचा दंड मान्य केला, तर त्याचा टॅग टाइलच्या शोधणाऱ्या सोयीपासून लपतो. दंडाच्या धाकाने पाठलाग करणारा थांबेल का, हा प्रश्न तिथे उरतोच.

सायकलवाल्याने यातून घ्यायचं ते इतकंच, की लपवलेला टॅग कायम लपून राहणार नाही. सूचना लगेच येत नाही, मधे काही वेळ जातो. तोच तुमचा वेळ. सकाळी सहाला सायकल दिसली नाही आणि तुम्ही संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर नकाशा उघडलात, तर उशीर झालेला असू शकतो. काही जण दोन टॅग लावतात: एक सीटखाली, सहज सापडेल असा, आणि दुसरा खोल. पहिला फेकून दिला की चोर निर्धास्त होतो. ही युक्ती उपयोगी आहे, पण सूचना दुसऱ्या टॅगचीही येते हे विसरू नका. आणखी एक: घरातलं कोणी तुमची सायकल नेत असेल तर ॲपमधून टॅग त्यांच्याशी शेअर करा, नाहीतर रोज त्यांनाच ‘तुमचा पाठलाग होतोय’ अशी सूचना येत राहील.

टॅग लपवायचा कुठे? पहिली कल्पना सगळ्यांना एकच सुचते: सीटपोस्टच्या, म्हणजे सीटखालच्या दांड्याच्या, नळीत टाकू. एअरटॅगचा व्यास ३१.९ मिलिमीटर आहे. बहुतेक सीटपोस्ट बाहेरूनच २७.२ किंवा ३१.६ मिलिमीटर असतात, त्यामुळे टॅग आत जातच नाही. आणि एखादा छोटा टॅग गेला तरी उपयोग नाही. ब्लूटूथच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. दोन-अडीच सेंटिमीटरच्या धातूच्या नळीतून ती लहर पुढे सरकतच नाही, थोड्याशा अंतरातच विरते. स्टील, ॲल्युमिनियम दोन्हींचं हेच. कार्बन फायबरही वीज वाहून नेतं, त्यामुळे तेही लहर दाबतं. कार्बनची सायकल प्लास्टिकसारखी वाटते म्हणून पुष्कळ जण तिथे फसतात.

मग जागा अशी हवी की टॅगच्या निदान एका बाजूला धातू नसेल. सीटच्या पोटात, प्लास्टिकच्या कवचाला आतून चिकटवून, ही सर्वांत चांगली जागा. आपल्या साध्या काळ्या सायकलीची स्प्रिंगवाली बैठक असेल तर रेक्झिनखाली स्पंजमध्ये कापून जागा करता येते. हे काम सायकल दुरुस्तीवाला सहज करून देईल. पाण्याच्या बाटलीच्या केजखाली बसणारे प्लास्टिकचे होल्डर मिळतात, पण ते आता चोरांनाही ओळखीचे झालेत. मागच्या लाल रिफ्लेक्टरच्या पोकळीत बसणारे होल्डर त्यापेक्षा बरे, कारण रिफ्लेक्टरकडे कोणी लक्ष देत नाही. हँडलच्या टोकाला, रबरी बुचाच्या अगदी लगेच मागे, एखादा बारीक टॅग चालू शकतो. इंचभर आत सरकवला की त्याची हाक दबते. टायरमध्ये, ट्यूबजवळ टॅग ठेवायचा सल्ला कुठे वाचलात तर सोडून द्या. खड्ड्यांत तो टिकणार नाही.

बसवताना टॅगभोवती थोडा फोम घाला. आपल्या रस्त्यांवर सतत हादरे बसून बॅटरी क्षणभर सुटू शकते, आणि खडखडाट झाला तर टॅग आहे हे कोणालाही कळतं. एअरटॅग पाण्यात एक मीटरपर्यंत अर्धा तास टिकेल असा बनवलेला आहे, त्यामुळे पाऊस सोसतो. होल्डरमध्ये साचून राहिलेलं पाणी मात्र वाईट, कारण पाणी ही लहर शोषून घेतं. बसवून झाल्यावर फोन घरी ठेवून सायकल कोणालातरी गल्लीबाहेर न्यायला सांगा आणि नकाशा किती वेळाने हलतो ते पाहा. हे एकदा केल्याशिवाय टॅगवर विसंबू नका. आणि कुलूप स्वस्तातलं घेऊ नका. चांगलं यू-लॉक फ्रेममधून आणि पक्क्या लोखंडी दांड्यातून घालणं हे टॅगच्या आधी येतं. पुण्यात २०१७-१८ मध्ये भाड्याच्या सायकली आल्या, त्यांत जीपीएस होतं, तरी त्या चोरीला गेल्या, मोडल्या गेल्या. नुसती जागा कळून सायकल वाचत नाही.

कंपनीकडेही बघावं लागतं. ॲमस्टरडॅमची व्हॅनमूफ आपल्या महाग इलेक्ट्रिक सायकलींमध्ये ट्रॅकर बसवूनच विकत असे, आणि चोरीला गेलेली सायकल शोधायला स्वतःची माणसं पाठवत असे. जुलै २०२३ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. सर्व्हर बंद पडले तर आपलीच सायकल आपल्याला उघडता येणार नाही, या भीतीने मालकांनी धावपळ करून डिजिटल किल्ल्या उतरवून घेतल्या. कंपनी पुढे दुसऱ्यांनी विकत घेतली. पण जी यंत्रणा एकाच छोट्या कंपनीच्या ॲपवर चालते ती घेण्याआधी हा विचार करायला हवा.

आता चोरी झाली असं धरू. नकाशावर ठिपका आहे. त्याचा स्क्रीनशॉट काढा, वेळ दिसेल असा, आणि दर थोड्या वेळाने काढत राहा. टॅगला वाजायला लावू नका. एकट्याने तिथे जाऊ नका, मित्रांना घेऊनही नाही. धोका तर आहेच, पण दुसरं कारण मी वर सांगितलं तेच: ठिपका ही दुसऱ्याच्या फोनची जागा आहे. त्याच्याभोवती जे वर्तुळ दिसतं, त्यात चाळीची वीस घरं बसतात. अमेरिकेत डेन्व्हरमध्ये जानेवारी २०२२ मध्ये पोलिसांनी चोरीच्या गाडीतल्या फोनच्या अशाच ठिपक्यावरून ७७ वर्षांच्या एका आजींच्या घरावर सशस्त्र पथक घातलं. वर्तुळात इतर घरंही होती. गाडी तिथे नव्हती. २०२४ मध्ये ज्यूरीने त्या आजींना ३७.६ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. पोलिसांकडून अशी चूक झाली, तर चिडलेल्या मालकाकडून किती सहज होईल.

तेव्हा पोलीस ठाण्यात जा. ठिपका दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत असला तरी तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तशी तरतूद आहे. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एक बारकावा फार कमी जणांना माहीत आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची साधी चोरी अदखलपात्र धरली आहे. म्हणजे तुमच्या हातात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, पडते आणि न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. त्यामुळे सायकलीचं बिल जपून ठेवा आणि त्याचा फोटो फोनमध्ये असू द्या. नंतर लावलेले दिवे, कॅरिअर, नवी टायर यांची बिलंही ठेवा. आणि सायकल नेमकी कुठून गेली ते तक्रारीत स्पष्ट लिहा, कारण घरातून किंवा सामान ठेवायच्या इमारतीतून झालेल्या चोरीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३०५ लागतं आणि ते अधिक कडक आहे.

बिलाबरोबर फ्रेम नंबरही हवा. सायकल उलटी करा. पेडलचा दांडा जिथून आरपार जातो त्या नळीच्या खाली तो बहुधा कोरलेला असतो. ठिपक्याने सायकलीपर्यंत नेलं तरी ती तुमचीच आहे हे या नंबराने सिद्ध होतं. फ्रान्समध्ये २०२१ पासून दुकानातून विकल्या जाणाऱ्या नव्या सायकलीवर ओळख क्रमांक टाकून तो राष्ट्रीय यादीत नोंदवणं सक्तीचं आहे. जपानमध्येही नोंदणी सक्तीची आहे. आपल्याकडेही एकेकाळी नगरपालिका सायकलीला परवाना आणि बिल्ला देत असत. तो कर म्हणून होता, पण त्याने सायकलीला ओळख मिळत होती. तशी नोंद पुन्हा सुरू व्हावी असं मला मनापासून वाटतं. तोवर ही नोंद आपणच ठेवायची.

सायकल सापडली तरी ती त्याच दिवशी घरी येत नाही. पोलीस ती मुद्देमाल म्हणून जप्त करतात आणि न्यायालयाच्या आदेशाने, सुपुर्दनामा लिहून घेऊन मालकाच्या ताब्यात देतात. खटला चालू असेपर्यंत ती विकू नये, बोलावल्यावर हजर करावी, अशा अटी त्यात असू शकतात. अर्जासोबत बिल, फ्रेम नंबर आणि तक्रारीची प्रत जोडली की काम लवकर होतं. सायकल ठाण्याच्या आवारात पडून असेल त्या दिवसांतही टॅग काढायची घाई करू नका. तो पुराव्याचा भाग असू शकतो, तपास अधिकाऱ्याला विचारूनच हात लावा.